सोनटक्क्याला दिलेलं मुसळ

अण्णा, सोनटक्का यंदा परत फुलला. तीन वर्षं नुसती पानं काढून मला वाकुल्या दाखवत होता. शेवटी पावसाआधी मी पहार घेतली आणि न्हाणीमागचं अख्खं बेट उपसून काढलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काकू, झाडाशी भांडताय की काय?" भांडतच होते, पण झाडाशी नव्हे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला कळायची राहूनच गेली, ती आता सांगते. तुमच्या मुसळाने त्या दिवशी काय झालं आणि काय नाही झालं, ते.

ऐंशी सालचं ते दुपारचं ग्रहण तुम्हाला आठवत असेलच. शाळेत तुम्ही आदल्या दिवशी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून सावली कशी पडते ते शिकवलंत, आणि राहूचं नाव काढणाऱ्या मुलाचा कान पिळलात. घरी मात्र सकाळपासून वेध, पिण्याच्या पाण्यात तुळशीचं पान, आणि दुपारी हातात मुसळ. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाचा मार द्यायचा, ही आपल्याकडची रीत. तुम्ही ती दर ग्रहणाला पाळायचात. फळ्यावरचं आणि घरातलं तुमच्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलंच नाही.

उजेड मळकट होत चाललाय. गोठ्यात गाय उगाच हंबरतेय. तुम्ही मागच्या फणसाला मुसळ हाणता आणि दरडावता, "धरतोस की तोडू?" आत्या झाडाच्या बाजूने म्हणते, "नको तोडू रे, पुढल्या वर्षी धरेल हो." मी बारा वर्षांची, हसून हसून पोट दुखतंय. मग तुम्ही न्हाणीमागे जाता. तिथे आईचा सोनटक्का, सांडपाण्यावर पोसलेला, पुरुषभर उंच, पण दोन वर्षं एक फूल नाही. गौरीच्या वेणीला आईने दोन्ही वर्षं शेजारून फुलं मागून आणलेली. तुम्ही त्यालाही चार हाणता आणि म्हणता, "शिंचं नुसतं खातंय."

आई माजघरात कोपऱ्यात दार लावून बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली होती. आत्या आत गेली आणि तिला दंडाला धरून मागच्या अंगणात घेऊन आली. "एवढी कसली गो नाटकं? तुझाच सोनटक्का आहे ना, बघ तरी." आणि मग तुमच्याकडे वळून, हसतच, "चौदा वर्षांत हिने एक पोरगी दिली. हिलाही दे की एक."

तुम्हीही हसलात. पहिला फटका थट्टेतलाच होता, हलका, खांद्यावर. आई म्हणाली, "अहो, नको. आज नको." ते तुम्हाला झोंबलं. बहिणीदेखत बायकोने नको म्हणावं म्हणजे काय. "शिंदळीचे, मला शिकवतेस?" म्हणालात, आणि पुढचा कमरेत बसला. ती पोटाशी हात घेऊन खाली वाकली तर पाठीत. मी मधे घुसले तर एक माझ्या दंडावर. आत्या म्हणत होती, "पुरे, अरे पुरे," पण तुम्ही आता रीत करत नव्हता, तुम्ही मारत होतात. शेणात पडलेली आई मला दिसते, आणि ग्रहण सुटलं तेव्हा तुम्ही शांतपणे आंघोळीला गेलात, तेही दिसतं. तुमचं पाणी तिनेच काढून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई न्हाणीत गेली ती कितीतरी वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. आत्याला म्हणाली, मी बाहेरची झाले. मग रीतीप्रमाणे पडवीत वेगळी बसली, ताट लांबून सरकवलं, कोणी शिवलं नाही. तुम्ही तिच्यावरून शाळेत गेलात आणि आलात.

पाचव्या दिवशी न्हाली, आणि ओल्या केसांनी तशीच कुदळ घेऊन सोनटक्क्यात घुसली. असं खणणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. कुदळीने उपसायची, कोयत्याने गड्डे तोडायची, तुकडे भिरकावायची. दातावर दात आवळलेले. मला वाटत होतं ती तुम्हालाच तोडतेय, आणि मला ते बघायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सगळं बेट उघडं पडल्यावर ती धापा टाकत चिऱ्यावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "खोच गो ते कुठेतरी. त्या तुकड्यांनी काय केलंय." मी चांगले डोळे असलेले तुकडे वेचले, शेणखत घालून सांडपाण्याच्या कडेने अंतराअंतराने लावले.

आणि भाद्रपदात तो असा फुलला की मागच्या दारी उभं राहवेना, एवढा वास. फुलणारच होता. गड्डे एकमेकांवर चढून दाटी झाली की सोनटक्का फुलायचा थांबतो. उपसावा लागतो, मधला जून भाग टाकून बाकीचे तुकडे मोकळे लावावे लागतात. एवढंच असतं ते. मुसळाचा काही संबंध नव्हता. पण गौरीजेवणाच्या पंगतीत तुम्ही आत्याला म्हणालात, "बघितलंस? मुसळ लागू पडलं." आणि आई तुमच्या पानात घावन वाढत असताना तिच्याकडे बघून, "आता पुढलं ग्रहण येऊ दे."

आईने घावन वाढलं. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही न्हाणीत होतात. आत्या कांडायला मुसळ शोधत होती. "अगो, मुसळ कुठाय?" आई चुलवणासमोर बसून म्हणाली, "ह्यांच्या आंघोळीला लागलं." तुम्ही पंचा गुंडाळून ओलेतेच बाहेर आलात. हंड्याखाली मुसळ जळत होतं, कोयत्याने चार फाकी केलेलं, लोखंडी कडं लाल झालेलं. घरातली लक्ष्मी जाळली म्हणून आत्याने तोंडावर पदर धरला. तुम्ही हात उगारलात. आईने एक जळती फाक ओढून हातात घेतली आणि उठून उभी राहिली. ती म्हणाली, "या." एवढंच. तुम्ही खाली बघितलंत. त्यानंतर तिच्या अंगाला तुमचा हात लागला नाही. माझ्या लागत राहिला, ते असो.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. ग्रहणाच्या दिवशी आईला दोन महिने झाले होते. तिसरा लागेपर्यंत बोलायचं नाही म्हणून ती कुणालाच बोलली नव्हती. पोटुशीने ग्रहण बघू नये, म्हणून दार लावून बसली होती. तुम्ही ज्या मुलाची वाट बघत होतात त्यालाच मुसळ दिलंत, अण्णा. ते न्हाणीत गेलं.

हे मला तिने माझ्या पहिल्या खेपेला सांगितलं. ग्रहण होतं आणि तिने मला खोलीत बसवलं होतं. आधी म्हणाली, सुरीला हात लावू नको. मग हे सांगितलं. वर म्हणाली, "त्यांना सांगू नको हां." मी सांगितलं नाही. नंतर तुम्ही गेलात, नंतर ती.

सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. गरोदर बाईने ग्रहणात बाहेर यावंच कशाला, असं म्हणाला असतात. म्हणून हा कागद तुमच्या तसबिरीपुढे वाचणार नाही, आणि फुलंही तिथे ठेवणार नाही. सगळी आईला.

पण खरं सांगते. आईने ते सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं हेच आलं होतं, "मग तू बाहेर आलीसच कशाला?" ती उठली, आणि मला ग्रहण लागू नये म्हणून बाहेरून कडी लावली.