टाकीचा रंग का सुटला

मिस्त्रीकाका,

पोलादी दाण्यांचा मारा करून गंज काढायच्या आपल्या ब्लास्टिंगच्या खोलीचं दार आता मोटरवर चालतं. आख्खी टाकी ट्रॉलीवरून आत जाते, आणि मारा संपला की खाली पडलेले दाणे आपोआप गोळा होऊन परत वर चढतात. मी बी.एस्सी. होऊन वडिलांच्या कारखान्यात आले, तेव्हा या खोलीतलं सगळं तुम्ही शिकवलंत. एक गोष्ट मात्र मी पुस्तकातून आणली होती: दाण्यांनी गंज काढलेल्या कोऱ्या पोलादाला उघडा हात लागला, तर घामाने रंगाखाली पुन्हा गंज धरतो. तुम्ही तर प्रत्येक काम रंगाला देण्याआधी त्यावर तळवा ठेवून तो कपाळाला लावायचात. मी अडवलं की हसायचात. "लोखंडाले हात लावल्याबिगर कसं समजंन व, पोरी?"

मग दिग्रसच्या जिनिंगवाल्यांची टाकी परत येते, रंगाचे पोपडे सुटलेली. सगळे कामगार जमलेत. मी तुमचं मनगट धरून तळवा त्या टाकीवर टेकवते आणि म्हणते, हे बघा कारण. त्या दिवसापासून तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहू लागलात.

टाकी पुन्हा साफ करायला घेतली, तेव्हा मी वर चढून पाहिलं. पोपडे पार वरच्या कडेपर्यंत होते. दाणे हवेच्या जोराने फेकणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये साचलेलं पाणी रोज सकाळी काढणं माझं काम होतं, आणि ही टाकी पहिल्यांदा साफ केली त्या दिवसापुढे वहीत माझी सही नव्हती. ओल्या हवेने सगळीकडेच गंज धरला होता. त्यानंतर मी एकही सकाळ चुकवली नाही. तुम्हाला मात्र सांगितलं नाही.

नवीन माणूस आला की मी तुमच्या हाताची गोष्ट सांगते. नियम खराच आहे, आणि वरपासून खालपर्यंत सोललेली टाकी लक्षात राहते. आज महागावची एक मुलगी रुजू झाली, आयटीआय केलेली. तिने शांतपणे विचारलं, "मॅडम, टाकी तं एवढी उंच, मंग त्यायचा हात वरपर्यंत पुरला कसा?"

शिडी लावली असेल, म्हटलं. हेल्मेट घाल, कामाला लाग.

तुमचे गुडघे मला माहीत होते. तुम्ही शिडीवर कधीच चढत नव्हतात.

तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र कळंबला तुमच्या मुलाला द्यावं असं मनात होतं. देत नाही, त्याच्याजवळ कबूल करणं सोपं आहे. उद्या हजेरीला सगळ्यांसमोर बोलेन. पाण्याची चूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. शिडीची थाप मी आज मारली, साठीला आल्यावर.