कालव्यावरचे दोन कचरू

अंकुशनगर,
नोव्हेंबर २००३

प्रिय सत्यशीला,

तुझं पत्र मिळालं. दिवाळी अंकातली माझी गोष्ट तुझ्या नर्सिंगच्या मैत्रिणींनी आळीपाळीनं वाचली आणि शेवटाशी येऊन सगळ्याच अडकल्या, हे वाचून जरा बरं वाटलं. कालव्यावर एकाच वेळी दोन कचरू कसे, आणि एक दुसऱ्याला का अडवतो, असं तू विचारलंस. संपादकांनीही हेच विचारलं होतं. त्यांना मी आकृती काढून पाठवली. तुझं आकृतीवर भागणार नाही. फोनवर सांगितलं असतं, पण हॉस्टेलच्या फोनपाशी मागे मुली ताटकळत असतात, आणि हे घाईत सांगता येण्यासारखं नाही.

तर गोष्टीतला नियम असा : कचरूला काळात मागे जाता येतं, पण फक्त स्वतः जगलेल्या दिवसात. आणि तिथं काही बदललं, तर पुढचं सगळं नव्यानं घडतं. त्याचा मुलगा कालव्यात बुडालेला आहे. कचरू पहिल्यांदा जातो तेव्हा त्याला उशीर होतो. दुसऱ्यांदा तो वेळेवर पोचतो, मुलाचा हात धरून त्याला घरी आणतो. परत आपल्या काळात येतो तर मुलगा मोठा झालेला, मिसरूड फुटलेली, बायको हसतेय. पण घरात त्याची मुलगी नाही. तो तिला हाका मारतो, तर बायको विचारते, "कुणाला बोलावून राह्यले?" ती मुलगी नंतर झालेली होती. मुलगा वाचला, म्हणून ती जन्मालाच आली नाही. मग कचरू तिसऱ्यांदा जातो, स्वतःला अडवायला. म्हणून कालव्यावर दोन कचरू. एक मुलाकडे धावतोय, दुसरा त्याला मागून मिठी घालून धरून ठेवतो. गोष्ट तिथंच संपते, कोण जिंकलं ते मी लिहिलेलं नाही. पण पाण्याचा आवाज लिहिला आहे.

ही गोष्ट लिहायला मला पूर्ण पावसाळा लागला. शाळेतून आलो की बसायचो. कधी हा कचरू चुकीच्या दिवशी पोचायचा, कधी तिसरा कचरू निघायचा आणि सगळी गुंतागुंत व्हायची. तुझी आई चहा ठेवून जायची. काय लिहिताय, असं तिनं कधी विचारलं नाही. माझं लिखाण ती वाचतही नाही. पण अंक आला आणि शेजारच्या कांताबाईंनी तिला सांगितलं, "बेबीनंदाताई, सरांची गोष्ट लई रडवती." तेव्हा ती ओट्यावर बसली आणि एका बैठकीत वाचून काढली. मी समोरच होतो. अंक मिटून तिनं मला विचारलं, "एवढ्या दुरून माघारी गेल्ता तुमचा माणूस. मंग लेकराचा हात का सोडला?" मी तिला नियम समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, "न्हाई. कागदावर तरी वाचवायचं व्हतं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. परवा पिशवी भरून वडीगोद्रीला अप्पारावमामाकडे निघून गेली.

आता जे लिहितो ते सावकाश वाच. शक्य असेल तर एकटी बसून वाच.

तुला एक भाऊ होता. प्रसेनजित. माझी बदली इकडे व्हायच्या आधी आम्ही कालव्याकाठच्या एका गावात राहत होतो. नवं पाणी सुटलं होतं, पोरं बघायला गेली आणि तो पाय घसरून पडला. सहा वर्षांचा होता. दिसायला मामावर गेला होता, आणि मोटारगाडीचा आवाज अगदी हुबेहूब काढायचा. आम्ही एकाच लेकरावर थांबायचं ठरवलं होतं. तो असता तर आम्ही तुला होऊ दिलं नसतं. हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येत नाही.

तू झालीस तेव्हा आईनंच मला आणि मामाला बजावलं होतं, "ही पोरगी कुणाच्या जागेवर आलेली न्हाई. तिच्यासमोर त्याचं नाव काढायचं न्हाई." तिचा शब्द आम्ही पाळला. बदलीही तिनंच मागायला लावली होती.

काल मामाचा फोन आला. आई रविवारी औरंगाबादला तुझ्याकडे निघाली आहे, अंक सोबत घेऊन. मामाला ती म्हणाली, "पोरीला सगळं सांगते. त्या कचरूच्या जागी मी असते तर हात सोडला नसता, हेबी सांगते." ते तू तयारी नसताना ऐकू नयेस, म्हणून हे पत्र आजच्या आज एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. ती तसं म्हणाली तर त्यात तू नको होतीस असा अर्थ काढू नकोस. तिला तुम्ही दोघंही हवे आहात. एकालाच ठेवता येईल हा नियम मी केला, आणि तो तिला कधीच मान्य होणार नाही. तू स्टँडवर तिला घ्यायला जा. ती बोलायला लागली की मध्ये काही विचारू नकोस. एकोणीस वर्षांत तिनं त्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही, तिला वेळ लागेल.

तुझाच,
बाबा