माझ्या बायोडाट्यावर सुलतान

ताडकळस, गुरुवार

तीर्थरूप दिनकरमामा,

बालाजीचा नमस्कार घ्या, पायाला हात लावलाच असं समजा. मामीचे गुडघे कसे हायत? अन् तुमचा सुलतान कडबा नीट खायलाय ना? (खोंडाची चौकशी आत्ताच का, ते शेवटी कळंल.) फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाईत, म्हणून हे पत्र सिताराम कंडक्टरच्या हाती पालमच्या गाडीनं धाडायलोय. मामा, लय भारी झालंय! माझं लग्न जमायलंय!

पण आधी घोळ ऐका. मी वेबसाइट काढलीय ते तुमाला ठाऊकच हाय. एका बाजूला जनावरांची खरेदी-विक्री, दुसऱ्या बाजूला वधू-वर. (आई म्हणली होती, दोन्ही एका जागी ठेवू नको. ऐकायला पायजे होतं.) पहिला बायोडाटा मी माझाच टाकला. फोटो पप्पूच्या स्टुडिओतला, निळ्या पडद्यापुढं, उसन्या कोटात. आता ह्या पप्पूची एक खोड हाय. समोर नवरदेव असो, बारशाचं लेकरू असो, की शिंगं रंगवून बाजाराला निघालेलं जनावर असो, फोटो काढला की फाइलीला नाव एकच, 'फायनल'. तुमी सुलतानला विकायच्या जाहिरातीसाठी त्याच्याकडंच नेलं अन् फोटो मला धाडला. तोबी 'फायनल'!

अन् मी शहाणा! डेटाबेसात नुसती नोंद असते मामा, नाव, गाव, शिक्षण अन् फोटो कोणत्या नावाच्या फाइलीत हाय तेवढं. खरा फोटो सर्व्हरवरच्या फोल्डरात पडतो. मी सगळ्यांना मिळून फोल्डर एकच ठेवलं, अन् फाइल ज्या नावानं आली त्याच नावानं आत ढकलली. तुमचा 'फायनल' आला, माझ्या 'फायनल'च्या जागी बसला, मी गायब! नोंदीला काय कळतंय? तिला 'फायनल' पायजे होता, तो जागेवर होताच. मी साइट उघडून बघतो तर काय, खाली 'बालाजी, बी.एस्सी., निर्व्यसनी, स्वभाव शांत' अन् वर सुलतान, शिंगाला गोंडे! आईला दाखवलं तर म्हणली, ऱ्हाऊ दे, तुझ्यापेक्षा बरा दिसायलाय. सख्खी आई हो!

मग मी सगळं नीट केलं. आता आलेल्या प्रत्येक फाइलीला आपोआप वेगळा नंबर पडतो अन् मूळ नाव नुसतं नोंदीत ऱ्हातं. पण माझा फोटो गेला तो गेलाच. पप्पूकडं मागायला गेलो, तर त्याच्या कॉम्प्युटरातबी 'फायनल' एकच, अन् त्यात कुण्या बारशातलं लेकरू रडायलंय.

मी असा कपाळाला हात लावून बसलो, अन् मानवतच्या व्यंकटरावांचा फोन! कापूसवाले मोठे शेतकरी, लेक भक्ती परभणीत कॉम्प्युटर शिकलेली. म्हणले, आजकालची पोरं गॉगल घालून फोटो टाकतात, तुमी स्वतःच्या जागी आपलं जनावर ठेवलं, असं पोरगं आमी पहिल्यांदाच बघितलं! मी काय बोलणार? गप्प ऱ्हायलो. त्यांना वाटलं, पोरगं विनयशील हाय. रविवारी आमच्या घरी येयलेत! त्यांनी मोबाईलवर धाडलेला भक्तीचा फोटो मी किती वेळा बघितला ते तुमाला सांगत न्हाई. मामा, हे मोडलं तर मी कायमचा मुका होईन.

मामीला अन् घरातल्या सगळ्यांना सांगा, आनंदात हाय.

तुमचा
बालाजी

ता. क. : व्यंकटरावांना आमच्या गोठ्यात सुलतान बघायचाय. मी खुशीच्या भरात 'या की' म्हणून बसलो. तवा शनिवारी त्याला टेम्पोत घालून धाडाच. तवर विकू नका. (साइटवर तुमची जाहिरात दिसंना म्हणून ओरडू नका, ती मीच झाकलीय.)

आणखी एक ता. क. : वरचं रद्द! पाकीट चिकटवायलोच होतो, तर खुद्द भक्तीचा फोन. साइटवर माझ्या जागी सुलतान यायच्या आधीच तिनं माझा फोटो बघितला होता, अन् मोबाईलात ठेवूनबी घेतला होता! तो कोटातला 'फायनल' आता फक्त तिच्यापाशी हाय. वडलांपुढं बायोडाटा उघडला तिनंच. दाखवायला गेली मला, निघाला सुलतान. खोंड कुणाचा तेबी तिनं तुमच्या जाहिरातीत वाचलेलं. म्हणली, बाबांशी खोटं बोलून सुरुवात नको, आत्ताच खरं सांगा. मी लगेच व्यंकटरावांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणले, रविवारी येतोच, पण तुमचे मामा तो खोंड विकणार हायत का?

तवा सुलतानला घेऊन तुमी स्वतःच या. अन् मामा, भाव जरा सैल धरा, सासरा व्हायलाय माझा.