वरच्या खोलीची चौकशी

गोडादरा, सुरत
३ डिसेंबर १९९६, मंगळवार

गजेंद्र, वही तू दिलीस त्याला आठ दिवस झाले आणि लिहायला मी आज बसलो, राग मानू नकोस. सातवी नापास माणसाला पेन जड जातं. पण तू सांगून गेलास, की बापू, बँकेने मला तीन महिने धुळ्याला पाठवलंय, उज्ज्वलाचं बाळंतपणही तिथेच माहेरी, तोवर घरातलं सगळं लिहून ठेवा. म्हणून लिहितो.

मला इथे करमतं. कोपऱ्यावर उभं राहिलं तर चार माणसं अहिराणीच बोलतात. मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट आता झोपेत ऐकू येत नाही. शेजारच्या उषाबाई कळण्याची भाकरी पाठवतात आणि दहा टोमणे मारतात.

वरच्या खोलीसाठी मोंबासाहून ज्याचं पत्र आलं होतं, त्या शालिग्रामने दोन नावं दिली आहेत. कामरेजचे चिंधा माळी आणि नवसारीचे धुडकू पाटील. दोघांकडे तो पूर्वी राहिला. तू बजावलंस, की दोघांचं उत्तर आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. आज दोघांना कार्डं टाकली. माणूस कसा, पितो का, बायामाणसांशी कसा वागतो, घर का सोडलं, सगळं विचारलं. उषाबाई वाचून म्हणाल्या, "बापू, खोली देताय का पोरगी देताय?"

७ डिसेंबर

तो आजच आला, पत्रात लिहिलेल्या दिवसाच्या आठ दिवस आधी. एक पत्र्याची पेटी, पांढरा सदरा, वय पन्नाशीचं. दारातूनच म्हणाला, "काय बापू, कसं चाली ऱ्हायनं?" आफ्रिकेतला माणूस आणि माझ्या आजीसारखी जुनी अहिराणी! त्याचे आजोबा आपल्याच गावचे, रेल्वेच्या कामावर तिकडे गेले. माझ्या आजोबांचं नाव त्याला ठाऊक. आमच्या खळ्यातला निंब माझ्या जन्माआधी तोडला, तोही ठाऊक.

आपल्या लोकांत भाऊकी जुळली की पुढे विचारायचं काय राहतं? चहा पाजला, किल्ली दिली. कार्डं येतीलच. तू रागावशील.

११ डिसेंबर

कामरेजचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला. तुला माहीत आहे, असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच उभ्याने पहिली ओळ वाचली. चिंधा माळींचा नातू वारला. खाली बारीक अक्षरात आठ-दहा ओळी होत्या. मयताचं कार्ड कोण शेवटपर्यंत वाचतं? फाडलं, गटारीत टाकलं, अंघोळ केली.

बाहेर आलो तर शालिग्राम जिन्यावर बसलेला. म्हणाला, वाईट झालं, सव्वा महिन्याचं पोर. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. बहुधा उषाबाई बोलल्या असतील.

१५ डिसेंबर

तुझं पत्र मिळालं. नऊ तारखेला मुलगी झाली! गल्लीत पेढे वाटले. सव्वा महिना पुरा करून एकोणीस जानेवारीला आणणार म्हणतोस, बरोबर आहे. शालिग्रामने पेढा घेतला आणि विचारलं, "पोर घर कव्हय यी?" मी तारीख सांगितली. तो बोटांच्या पेरांवर मोजत बसला, मग म्हणाला, दोन दिवस उशीर होतो.

कशाला, ते मी विचारलं नाही.

२१ डिसेंबर

उषाबाईंना विचारलं. त्या त्याच्याशी कार्डाबद्दल बोलल्याच नव्हत्या.

त्याने पाळणा आणला. छताच्या कडीला टांगला. दुपारी दोनला कर्रकर्र सुरू होतं ते चहाच्या वेळेपर्यंत. मी वर गेलो. पाळणा रिकामा, तो झोका देतो आणि आपल्याकडे बाळंतिणी म्हणायच्या ती अंगाई म्हणतो. म्हणाला, तुमच्या नातीसाठीच, बापू, दोरी सैल करून ठेवतो.

२७ डिसेंबर

नवसारीचं कार्ड. कोपरा फाडलेला. या वेळी पुरं वाचायचं ठरवलं होतं. "नात" एवढा शब्द दिसला तोच मागून त्याचा हात आला. म्हणाला, बापू, असं कार्ड धरून ठेवू नये. त्यानेच फाडलं. लोट्याने माझ्या हातावर पाणीही घातलं, घरच्या वडीलधाऱ्यासारखं. मी हात पुढे केले. का केले?

४ जानेवारी १९९७

कामरेजला जाऊन आलो. चिंधा माळी ओट्यावर बसलेले असतात, बोलत नाहीत. त्यांच्या घरच्या कमलबाईंनी मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, कार्डावर सगळं लिहिलं होतं ना? बाळ त्या घरात आणू नका म्हणून. वाचलं नाही?"

फाडलं म्हणालो. त्या म्हणाल्या, आम्हीही त्याच्या आधीच्या घरमालकाचं, बिलिमोऱ्याचं, कार्ड असंच फाडलं होतं. कोपरे आम्ही कोणी फाडत नाही, भाऊ.

नातू दोन वर्षांपूर्वी गेला. शालिग्रामने काही केलं नाही, कमलबाई म्हणाल्या, फक्त पाळणा हलवायचा. आमच्याही आजोबांचं नाव त्याला ठाऊक होतं. चाळिसाव्या दिवशी सकाळी — चिंधा माळी तेवढ्यात रडायला लागले.

५ जानेवारी

खोली सोड म्हणालो. हात जोडून म्हणालो. तो हसला. "भाऊबंदले कोनी काढस का, बापू?"

उषाबाई त्याच्याच बाजूच्या. म्हणतात, बिचारा पाण्याच्या कळशा वर नेऊन देतो, आणि बापूंचं डोकं फिरलंय. चौकीतल्या साहेबाने विचारलं, तक्रार काय लिहू, रिकामा पाळणा हलवतो?

तुला कार्ड लिहिलं. माझा पाय लचकला आहे, उषाबाई टाकतील.

८ जानेवारी

आणखी दोन कार्डं लिहिली. आज कळलं — तिन्ही त्याने टाकली. बाहेर जातोच आहे, द्या इकडे, म्हणाला. उषाबाईंनी कौतुकाने सांगितलं.

जिन्यावर तीन पिवळे कोपरे सापडले.

तू पहिली ओळ वाचशील. पहिली ओळ मी "सर्व खुशाल" लिहिली. पुढचं वाचशील का? का तुझी सासू दारातच —

१० जानेवारी

लंगडत पीसीओवर गेलो. तुझ्या सासऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लागला. ते म्हणाले, शालिग्रामकाकांचा फोन आला होता, बापूंची तब्येत बिघडली आहे, ताबडतोब या. गजेंद्रभाऊ बारा तारखेलाच निघतात, पोरीला घेऊन.

नको म्हणा, म्हणालो. ओरडलो. ते म्हणाले, हो हो बापू, विश्रांती घ्या.

चाळिसावा दिवस सतरा तारखेला. तो दिवस इथे उजाडावा म्हणूनच —

११ जानेवारी

पुन्हा फोन केला. कोणी उचलत नाही.

ताप आहे. तो डोक्यावर पट्ट्या ठेवतो. लोक म्हणतात केवढी माया.

१२ जानेवारी, सकाळ

ही वही धुळ्याच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला देतो. स्टँडपर्यंत पाय नेईल का —

तू निघालास का? कोणाला विचारू? गजेंद्र, निघाला असशील तर नंदुरबारला उतर, मागे फिर. मी खुशाल आहे, मला काही झालेलं नाही. झालं तरी येऊ नकोस. पोरीला —

वर पाळणा थांबला. सकाळी तो कधी हलवत नाही, मग थांबला कसा —

तो जिना उतरतोय.

लवकर कळव. आलो नाही, एवढे दोनच शब्द, कार्डावर नको, पीसीओवर, आजच, मी तिथेच बसतो, तू फक्त