एल्वुडला गप्प करायचं आहे

रविवार, ३ नोव्हेंबर

आज प्रार्थनेच्या बैठकीत एल्वुड पुन्हा उभा राहिला! सगळे गप्प बसलेले. आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्त्यांत पाद्री नाही, ज्याला आतून वाटेल त्यानं उठून बोलायचं. आणि याला आतून काय वाटतं? बरणी! "माझी बायको ऱ्होडा गेल्यापासून माझ्यानं काकडीच्या लोणच्याची बरणी उघडत नाही. शेजारणीला हाक मारली. तिनं उघडून दिली आणि जेवायलाच बसली." संपलं. बसला खाली.

नंतर बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मर्लनं मला बाजूला घेतलं. "लॉविना, देवाचं नाव नाही, बायबल नाही, नुसत्या बरण्या! तू समजाव त्याला. तुझ्यापुढं कोण तोंड उघडतं?"

समजावीन. शेवटचं काम म्हणून. नवीन वर्षापासून मी बैठकीला जाणार नाही — अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या शांततेत मला कित्येक वर्षं फक्त घड्याळ ऐकू येतं. समोरच्या, वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसायचं, तास भरला की शेजारच्याशी हात मिळवून बैठक संपवायची, एवढ्यापुरती मी तिथं. विश्वास नसताना बसणं म्हणजे खोटेपणा.

सोमवार, ४ नोव्हेंबर

ती शेजारीण जेवायला का बसली असेल? भूक लागली होती, की त्याला एकट्याला जेवताना बघवेना? मला काय करायचंय!

रविवार, १० नोव्हेंबर

मी त्याला गाठायच्या आत पुन्हा उठला. "माझा हार्वेस्टर मक्यात रुतला. शेजारच्या शेतातला ड्वेन हुइसमन ट्रॅक्टर घेऊन आला. कुंपणापायी आमचं बोलणं बंद आहे. त्यानं साखळी लावली, हार्वेस्टर ओढून काढला, गेला. अजून बोलत नाही आम्ही."

मग? तात्पर्य काय?

पण पुढच्या शांततेत घड्याळ ऐकू आलं नाही, हे खरं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

एल्वुडकडे गेले. आडवळणं मला जमत नाहीत. "बैठकीत गोष्टी नकोत," म्हटलं. "बरं," म्हणाला. राग नाही, वाद नाही! सफरचंदाचा केक पुढं केला. "खा गं. कृती ऱ्होडाची, हात माझा. म्हणून कच्चा."

राहवलं नाही. विचारलं, "तुझ्या त्या गोष्टींत देव कुठं असतो?"

"मला काय ठाऊक? दिसलं तेवढं सांगतो. त्यापुढचं सांगायला लागलो, तर थापा होतील."

केक खरंच कच्चा होता. सगळा खाल्ला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

हुइसमन का आला?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. नुसत्या अंदाजावर माझं भागत नाही. धान्याच्या कोठारापाशी हुइसमन दिसला, तिथंच अडवलं. "एल्वुडचा हार्वेस्टर का काढलास?"

"ट्रॅक्टर गरमच होता, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे चालूच होता! बंद करायच्या आधी जाऊन आलो. आणि कुंपण माझ्या हद्दीत आहे, हे सांगा त्याला!"

एवढंच? निराश झाले. मग घरी येताना गाडीत हसत सुटले. इतकं किरकोळ कारण पुरतं? मी मात्र आयुष्यभर काहीतरी भव्य घडायची वाट बघत बसले होते.

रविवार, १७ नोव्हेंबर

एल्वुड मुकाट बसला होता. कुणीच उठलं नाही. तास भरला. शेजारी मर्ल, त्यानं हात पुढं केला. मी घेतला नाही! उभी राहिले. हुइसमन जे बोलला ते सांगितलं, कुंपणासकट, आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर मर्ल म्हणाला, "त्याला थांबवायला पाठवलं, तर तूच सुरू झालीस!"

"त्यालाही बोलू दे," म्हटलं. "तो बोलणार नसेल तर मी बोलेन. मग बसा ऐकत!"

गाडीपाशी एल्वुड थांबला होता. "गरम होता म्हणाला?"

"हो."

"हुइसमनचा ट्रॅक्टर उन्हाळ्यापासून शेडमध्ये दुरुस्तीसाठी उघडून पडलाय, लॉविना. त्या दिवशी आणला होता तो भाच्याचा. पार नदीपलीकडून."

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी कॉफी ओतताना, कित्येक वर्षांनी, मोठ्यानं म्हणाले, "आभारी आहे." स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं.