पट्ट्याच्या दोन जादा कड्या

मी, ओगुशी तेरुओ, वय सत्त्याहत्तर, राहणार शिमिझु, शिझुओका, असे नमूद करतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही, आणि डॉक्टरांनी यकृताबद्दल जे सांगितले ते मला नीट कळले आहे. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण मुख्य तेच मी गाळले होते.

कलम १. घर, जागा व बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी चिहारु हिला मिळावी. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. मागचे संत्र्याचे झाड पाडण्याआधी शेजाऱ्यांना विचारावे. दरवर्षी अर्धी संत्री कुंपणावरून त्यांच्याकडे जातात आणि त्यांना ते ठाऊकच नाही असे ते दाखवतात.

कलम २. माझा मेहुणा इवाओ याला काही नाही. त्याने माझा छोटा लेथ एकोणीस वर्षांपूर्वी 'आठवड्यासाठी' नेला, तो आता परत करू नये, कारण गंजलाय. माझ्या अंत्यविधीत त्याने भाषणही करू नये.

कलम ३. प्लास्टिकच्या मॉडेलांचे पोलादी साचे कोरण्यात माझी चाळीस वर्षे गेली. त्या कामाच्या कानशी, मापे आणि भिंग शहरातल्या औद्योगिक शाळेला द्यावे. हत्यारे चांगली आहेत. हत्यारांबद्दल मला कधी लाज वाटली नाही.

कलम ४. रेडिओवर चालणारा माझा मॉडेल रणगाडा, सैन्यातल्या चौऱ्याहत्तर नमुन्याचा, चिहारुला द्यावा. ती म्हणते, "बाबा, नऊ किलोचं ते धूड नागोयाच्या फ्लॅटमध्ये ठेवू कुठे? बाल्कनीत?" बाल्कनीत चालेल. मात्र तो असा खऱ्यासारखा हुबेहूब कसा चालायला लागला, ते तिने ऐकून घ्यावे.

खोक्यातून काढला तेव्हा तो खेळण्यासारखाच पळायचा. बटण दाबले की सुसाट, सोडले की जागच्या जागी ठप्प. आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबात मोरिवाकी सेइजी आले आणि मला कळले की चूक कुठे आहे. मोरिवाकीसान स्वसंरक्षण दलात एकतीस वर्षे खरा रणगाडा चालवत होते. क्लबातल्या घडीच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला अंगानेच दाखवले. निघताना ते पाठ मागे रेलून खाली दबले आणि थांबताना पुढे झुकून, एकदाच वर उसळून, स्थिर झाले. "अहो ओगुशीसान, अडतीस टन आहेत ते. त्याला निघायला वेळ लागतो आणि थांबायला लाज वाटते," असे ते म्हणाले. मी दोन वर्षे त्यावर खपलो. दरेक चाकाला वेगळी पोलादी स्प्रिंग लावली, तळाला शिसे भरले, चाकांभोवतीचे पट्टे धातूचे केले, वेग हळूहळू चढेल अशी जोडणी केली. तो झुकायला लागला तेव्हा मोरिवाकीसान गुडघ्यांवर बसून बघत राहिले. डोळे पुसत होते. क्लबात मात्र मी सांगितले की हे सगळे मी जुन्या चित्रफिती पाहून शोधले.

हे एवढेच असते तर मी नोटरीकडे आलो नसतो.

मग त्यांनीही तसाच रणगाडा बांधला, आणि २०१८ च्या स्पर्धेत माझ्यासमोर तेच उभे राहिले. खऱ्या चौऱ्याहत्तरचा पट्टा वरच्या बाजूला सैल लोंबतो. मी माझ्या पट्ट्यात दोन कड्या वाढवून तो लोंबता केला होता, पण तेवढ्याने तो वळणावर चाकांवरून उतरायचा, म्हणून आत ताण धरणारी एक स्प्रिंग लपवली होती. स्पर्धेच्या सकाळी मी त्यांना म्हणालो, दोन कड्या वाढवा, काय देखणा दिसेल. स्प्रिंगबद्दल बोललो नाही. हातातला पट्टा तोलून ते म्हणाले, "उतरेल हो. खऱ्यात तर उतरलाच असता."

"मॉडेलमध्ये नाही उतरत," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःच्या एकतीस वर्षांपेक्षा माझा शब्द मोठा मानला.

चढावर डावीकडे वळताना पट्टा उतरला. गर्दीतून कोणीतरी विचारले की दलात असेच चालवायचे का. मोरिवाकीसाननी रणगाडा उचलला, लोकांना वाकून नमस्कार केला आणि पत्नी मिसाकोसान डबा घेऊन उभ्या होत्या तिकडे गेले. पहिला नंबर मला मिळाला. तो करंडक मी आज सकाळी क्लबाला परत केला.

महिन्याभरात त्यांनी मोटारीचा परवाना पोलिसांकडे जमा केला. म्हातारी माणसे करतात तसे, पण ते अडुसष्टचेच होते. आयुष्यात कधी पट्टा उतरू दिला नाही, आता हात गेले, असे ते म्हणाले. मिसाकोसानना आठवड्यातून तीनदा इस्पितळात डायलिसिसला जावे लागायचे. तेव्हापासून त्या दोन बस बदलून जाऊ लागल्या. एकदा पावसात थांब्यावर दिसल्या, म्हणून मी त्यांना गाडीत घेतले. दुसऱ्या दिवशी आभार म्हणून संत्र्यांची पिशवी दारात आली. ती संत्री मी खाल्ली. माझ्या घरी झाड असताना खाल्ली. 'त्यांचे हात शाबूत आहेत' हे एक वाक्य मला सहा वर्षांत बोलता आले नाही. गेल्या फेब्रुवारीत मिसाकोसान वारल्या.

कलम ५. रणगाडा मोरिवाकीसानना का दिला नाही, असे चिहारु विचारेल. आधी तेच ठरवले होते. मी मेल्यावर त्यांना वस्तू आणि हकीकत एकदमच मिळाली असती, आणि मला त्यांचे तोंड पाहावे लागले नसते. पण नोटरी याबेसान म्हणाले की ज्याला काही मिळणार तो साक्षीदार होऊ शकत नाही, आणि साक्षीदारांसमोर मृत्युपत्र मोठ्याने वाचावेच लागते. म्हणून त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदार म्हणून त्यांनाच का बोलावले आहे हे त्यांना सांगितलेले नाही. ते उठून गेले तर कोणी अडवू नये.

वरील सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

शिझुओका, दि. १४ नोव्हेंबर २०२४
ओगुशी तेरुओ (सही, शिक्का)
साक्षीदार १. उमेहारा कानइची, क्लबाचे चिटणीस (सही, शिक्का)
साक्षीदार २. मोरिवाकी सेइजी (सही, शिक्का)

नोटरी याबे यांची नोंद: मजकूर सर्वांसमोर वाचून दाखवला. साक्षीदार मोरिवाकी यांनी कलम ४ पुन्हा वाचायला सांगितले, ते पुन्हा वाचले. "हे मिसाकोला ऐकायला मिळायला हवं होतं," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.