रविवारी एकत्र जेवा

१२ जानेवारी
शेवटच्या वर्षाचे गट पाडले. मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळं फोनवर. म्हणून प्रोजेक्ट बोंबलतात. यंदा बजावलं — दर रविवारी कुणाच्या तरी घरी बसा, एकत्र जेवा, मला फोटो पाठवा. मग बघा गट कसा जमतो! फार खूश आहे मी स्वतःवर.

१६ जानेवारी
सत्यम, अपेक्षा आणि अनसच्या गटाचा विषय झकास. पवना धरणाजवळ पर्यटक तंबूत कोळशाची शेगडी घेऊन झोपतात, गुदमरतात. शेगडीचा विषारी वायू साठला की वाजणारा भोंगा करायचा. कल्पना अनसची. त्याचे वडील पवनानगरला तंबू लावतात.

९ फेब्रुवारी
सुदुंबऱ्याचा फोटो आला. सत्यमचं घर, जेवायला दोघंच. पुन्हा. "अनस कुठंय?" "येत नाही, सर." अनसला विचारलं, तर खाली मान. "जमलं नाही." का, ते सांगेना. डोकं फिरलं! परका असता तर कदाचित सबुरीनं घेतलं असतं. पण मी इथं नवा, अजून करारावर. फिरोज सर आपल्यातल्या पोराला सांभाळून घेतात, असं कुणी म्हणायला नको.

२ मार्च
अनसचं नाव गटातून काढलं. प्रोजेक्टचे गुण नाहीत म्हणजे वर्ष गेलं, कंपनीत ठरलेली नोकरीही जाणार. वडील आले, गुलजारभाई. "सर, पोरगं लय राबलंय. भोंग्याची चाचणी त्यानंच घेतली." मी म्हणालो, चारचौघांत मिसळायला शिकला नाही. ते चहा न घेताच उठले.

१८ एप्रिल
गटाला सर्वांत जास्त गुण. बाहेरचे परीक्षक म्हणाले, टीमवर्क असावं तर असं.
नंतर अपेक्षा एकटी आली. रडत होती. "सर, अनसला आम्ही बोलावलंच नव्हतं. सत्यमच्या घरी तो जेवायला चालेल का, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. आणि तुम्हाला तर जेवतानाचा फोटो हवा होता."
गुण विद्यापीठाकडे गेलेत. आता काही होणार नाही. प्राचार्यांना भेटलो, तेही हेच म्हणाले. लाज वाटते.

२० एप्रिल
पवनानगरला गेलो. अनस तंबूच्या खुंट्या ठोकत होता. मला का सांगितलं नाहीस, म्हणालो. हात न थांबवता म्हणाला, "तुमी बाजू घेतली असती, सर. मग तुमची नोकरी गेली असती."